भांडायचं तर पाचनंतर

आमच्या घरात दुपारी चार ते पाच भांडायचं नाही, असा नियम होता. नियम बायकोचा होता. माझा असता तर मीच तो पहिल्या आठवड्यात मोडला असता. भांडण अगदी रंगात आलेलं असो, मी रागारागानं बूट घालून दाराशी उभा असो, घड्याळात चार वाजले की ती म्हणायची, "भांडायचं तर पाचनंतर. आता चहा." आणि केटल लावायची.

लेक म्हणते, बाबा, लिहून काढा, बरं वाटेल. बरं वाटावं म्हणून मी लिहीत नाही. जे झालं ते जसं झालं तसं कुठंतरी लिहिलेलं असावं, एवढंच.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती, म्हणून मी चौथीपर्यंत शिकलो. बायको मिरजेला राहून नर्स झालेली. तिला लंडनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, ती पुढे आली, आणि अकरा महिन्यांनी मी आलो. बायकोच्या मागून आलेला नवरा. गावात लोक काय काय बोलले ते मला माहीत आहे, आणि इथे लंडनच्या इल्फर्ड भागात आपल्या लोकांच्यात जे बोलणं व्हायचं तेही माहीत आहे. मी त्याच हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत लागलो. चादरीवर पेशंटला झोपवायचं काम तिचं, ती चादर धुऊन इस्त्री करायचं काम माझं. तेहतीस वर्षं केलं. एक दिवस उशीर नाही. बोलण्यापुरतं इंग्रजी मी लॉन्ड्रीतच उचललं, वाचायला मात्र कधी आलं नाही. कौन्सिलची पत्रं, बँकेची पत्रं सगळी तीच वाचायची, आणि बाहेर कुणाला ह्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं.

मी आलो त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. तिच्या वॉर्डची सिस्टर, म्हणजे तिच्या वरची मोठी नर्स, उंच, सडपातळ, एकटी राहणारी इंग्रज बाई होती. तिनं आम्हाला दोघांना रविवारी दुपारी चहाला बोलावलं. मी कोट घातला. सकाळपासून मुद्दाम काही खाल्लं नव्हतं, कारण कुणाकडे जायचं तर पोट रिकामं ठेवून जावं, नाहीतर यजमानाचा मान राहत नाही. टेबलावर पांढरंशुभ्र कापड. त्यावर इतक्या पातळ कपबशा की उजेड आरपार दिसावा. तीन मजली ताटली, खाली काकडीची सँडविचं, मध्ये गरम स्कोन, म्हणजे जाडसर गोड पाव, वर छोटे केक. बाजूला वाटीत जॅम आणि घट्ट साय. बाईनं चहाचा पॉट हातात घेतला आणि मला विचारलं, चहा घेणार ना?

मी म्हणालो, नो, थँक यू.

दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस म्हणजे हावरट. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा आत्ताच झाला म्हणायचं, तिसऱ्यांदा यजमान म्हणतो, असं कसं, टाकलाय आता, मग आपण म्हणायचं, बरं, अर्धा द्या. हे काय कुणी शिकवायची गोष्ट आहे? पण त्या बाईनं मान हलवली आणि माझ्यासमोरचा कप उचलून कपाटात ठेवला. ठेवला तो ठेवला. पुढचा तासभर त्या दोघी स्कोनवर साय लावून खात होत्या आणि मी गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीवरचं घड्याळ बघत होतो.

बसस्टॉपवर आलो आणि बायको जी हसायला लागली, ती खांब धरून हसत राहिली.

"अहो, इथे एकदाच विचारतात. नाही म्हटलं की नाही."

"मग ह्याला पाहुणचार म्हणतात होय?"

"मांजर दुधाकडे बघतं तसे बघत होतात तुम्ही त्या सायीकडे."

मी सांगून टाकलं, इंग्रज माणसाच्या घरी मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. आणि बरीच वर्षं ठेवलं नाही. पण त्या दिवसापासून तिला एक खेळ मिळाला. रोज चार वाजता ती पॉट भरायची आणि विचारायची, अहो, चहा घेणार? मी म्हणायचो, नको. घ्या हो अर्धा. आत्ताच झाला. टाकलाय आता. मग दे. पाच पिढ्यांपूर्वीचा मंत्र असावा तसं आम्ही ते चाळीसच्या वर वर्षं म्हणत आलो. लेक लहान असताना तोंडपाठ करून आमच्याबरोबर म्हणायची.

चहा म्हणजे तो इंग्रजी पद्धतीचाच. तो तिनं त्याच सिस्टरकडून घेतला होता, पण त्या रविवारच्या आधीच. तिच्या वॉर्डात एक लहान मुलगा तिच्या हातात गेला. परक्या देशात नवीन नोकरी, जवळ कुणी नाही. सिस्टरनं तिला मागच्या छोट्या खोलीत नेलं. समजावलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. पॉटमध्ये गरम पाणी फिरवून तो आधी ऊन केला, पाणी ओतून दिलं, चमच्यानं पत्ती टाकली, उकळतं पाणी घातलं, वर लोकरीची टोपी घातली आणि घड्याळ बघत बसली. चार मिनिटं. मग ओतला. बायको सांगायची, ती चार मिनिटं संपली, कप रिकामा केला आणि मी वॉर्डात परत गेले.

मला सुरुवातीला तो चहा म्हणजे दूध दाखवलेलं पाणी वाटायचं. पांचट. दोन वर्षं मी माझा वेगळा टाकायचो, आलं ठेचून, पातेल्यात चांगला खळखळून, आणि बशीत ओतून फुरके मारत प्यायचो, मुद्दाम मोठ्यानं. ती एका शब्दानं बोलली नाही. एका थंडीत मला ताप आला, आठ दिवस अंथरुणावर होतो. पातेल्यापाशी उभं राहायची ताकद नव्हती. तिनं तिचा ट्रे आणून ठेवला, मी तिचा चहा प्यालो. ताप उतरला तरी पीत राहिलो. हरलो असं मात्र मी कधी म्हटलं नाही, आणि तिनं कधी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर त्या तासासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. लॉन्ड्रीतली वाफ दिवसभर कानात घुमत असायची. घरी आलं की खिडकीपाशी दोन खुर्च्या, मध्ये ट्रे. काकडीची सँडविचं, कडा कापलेली, आणि माझ्या वाटणीच्या सँडविचांत काकडीखाली हिरवी चटणी, कारण नुसती काकडी ब्रेडमध्ये घालून खाणं हे आजारी माणसाचं काम. रविवारी स्कोन. साय मी तिच्यापेक्षा जास्त घ्यायचो. पॉटवरच्या टोपीवर हात ठेवला की आतली ऊब हाताला लागायची. ती आधी दूध घालायची, मी म्हणायचो आधी चहा, पण हा वादसुद्धा पाचनंतर. बोलणं फारसं व्हायचं नाही. बाहेर पाऊस असायचा, नसायचा. त्या तासात कुणी कुणाचं काही देणं लागत नाही, असं वाटायचं. लेकीनं ब्रॅकनेलच्या ऑफिसातल्या एका गोऱ्या मुलाशी लग्न ठरवलं त्या दिवशी मी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. चार वाजले, ट्रे आला. पाच वाजता मी विचारलं, तिखट खातो का तो?

असं सगळं होतं.

मग ती विसरायला लागली. आधी चष्मा, मग रस्ता, मग लेकीच्या मुलांची नावं. जीपीनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, काय ते नाव सांगितलं, लेकीनं मला समजावून सांगितलं. मी म्हणालो, वय झालंय, दुसरं काही नाही. कार्डिगन कसं घालायचं हे ती विसरली, तरी ट्रे लावायला विसरली नव्हती. तिचं इंग्रजी ओसरत गेलं, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं तसं. शेवटी तळाशी "नो, थँक यू" आणि "जस्ट हॅड" असे चारपाच शब्द उरले. दुपारी तीनच्या सुमाराला तिचा जीव कावराबावरा व्हायचा. ड्यूटीची वेळ झाली म्हणायची, दार ओढायची, मला ओळखायची नाही, कधी कधी मारायचीसुद्धा. चार वाजता मी पॉट ऊन करायला लागलो, की त्या पाण्याच्या आवाजानं येऊन खुर्चीवर बसायची. तोपर्यंत ट्रे मी लावायला शिकलो होतो. सँडविचच्या कडा मला सरळ कापता यायच्या नाहीत, त्या ती हातानं तोडून टाकायची.

आणि आता विचारणारा मी झालो होतो. चहा घेणार? ती म्हणायची, नको. घे गं अर्धा. आत्ताच झाला. टाकलाय आता. मग ती कप हातात घ्यायची. मला वाटायचं, एवढं सगळं गेलं, पण आमचा खेळ हिच्यात शाबूत आहे. मला बरं वाटायचं. माझी चूक इथं झाली. तो खेळ नव्हता. ते मला तेव्हा कळलं नाही.

सोशल वर्कर बाई दोनदा येऊन गेली. दिवसातून दोन वेळा केअरर पाठवतो म्हणाली. मी म्हणालो, मी अजून उभा आहे, माझ्या बायकोला आंघोळ घालायला परकं माणूस माझ्या घरात येणार नाही. लेक चिडली. मी ऐकलं नाही. मग एका दुपारी माझा डोळा लागला आणि ती स्लिपर घालून बाहेर पडली. पोलिसांनी तिला मोठ्या रस्त्यावरून परत आणलं, पाय रक्तानं भरलेले. हॉस्पिटलात जायला निघाली होती, ड्यूटीवर. त्यानंतर माझ्या बोलण्याला काही किंमत उरली नाही. दोन बस बदलून जावं लागतं अशा एका केअर होममध्ये तिच्यासाठी खोली घेतली.

पहिले तीन दिवस मी गेलो तेव्हा ती झोपलेली असायची. चौथ्या दिवशी मी ठरवलं, चार वाजता चहा झाला पाहिजे. पॉट टॉवेलात गुंडाळला, दोन कपबशा, टोपी, पत्तीचा डबा, सगळं पिशवीत मांडीवर धरून दोन बस बदलल्या. लाउंजमध्ये टेबलावर मांडलं आणि स्वयंपाकघरात उकळतं पाणी मागितलं. तिथली मॅनेजर आली. वाईट बाई नव्हती. पण ती माझ्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाशी बोलावं तसं, एक एक शब्द सुटा करून आणि मोठ्यानं बोलायला लागली. गरम पॉट चालत नाही. भाजू शकतं. चिनी मातीचे कप फुटतात. चहाची ट्रॉली साडेतीनला येते, सगळ्यांना विचारतात. आणि तिनं मला तो कप दाखवला, प्लॅस्टिकचा, झाकणाचा, तोटी असलेला. बाळाला देतात तसला.

मी हॉस्पिटलात तेहतीस वर्षं काढली. उकळत्या पाण्याशी माझी त्या बाईच्या वयापेक्षा जास्त ओळख. तिच्या लाउंजमधले दहाबारा लोक माझ्याकडे बघत होते. मी पिशवी भरली आणि म्हणालो, माझ्या पॉटला जागा नाही तर मलाही नाही. ती म्हणाली, तुम्ही केव्हाही या, तुमचं स्वागतच आहे. एकदा म्हणाली. मी दारापर्यंत सावकाश चालत गेलो. तिनं पुन्हा हाक मारली नाही.

बायको कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. मी रागात होतो. तिच्याकडे न जाता निघालो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी नाही. फोन जवळ घेऊन बसायचो. आता फोन येईल, या म्हणतील, पॉट घेऊन या म्हणतील. चार वाजता मी घरी केटलसुद्धा लावायचो नाही. लेक रविवारी जाऊन आली, आई झोपाळू वाटली म्हणाली. पुढच्या रविवारी तिचा धाकटा आजारी होता, तिला जमलं नाही. ती फोनवर मला म्हणाली, "बाबा, कुणाची वाट बघताय तुम्ही? तुमचा हा हट्ट आईला पनिश करतोय, त्यांना नाही."

"त्यांनी बोलवावं मला."

"त्यांनी बोलावलंय, बाबा. एकदा बोलावलंय ना."

मी फोन ठेवला. बारा दिवस मी गेलो नाही. तेराव्या दिवशी सकाळी फोन आला, पण तो ॲम्ब्युलन्सनं नेल्याचा.

हॉस्पिटलच्या वॉर्डात ती मला दिसलीच नाही, एवढी लहान झाली होती. ओठ सालपटासारखे, डोळे आत गेलेले. डॉक्टरनं लेकीला सांगितलं, अंगातलं पाणी संपलंय, किडन्यांवर गेलंय. केअर होममधून कागद बरोबर आले होते. लेक ते उलटत होती. एका ठिकाणी थांबली. मी विचारलं, काय लिहिलंय. ती सांगेना. मी पुन्हा विचारलं तेव्हा तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं. सकाळी चहा विचारला, नको म्हणाल्या. दुपारी विचारला, नको म्हणाल्या, आत्ताच घेतला म्हणाल्या. रस विचारला, नको, थँक यू. खाली खाली तेच. रोज. प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाची सही.

मला तेव्हा कळलं. लेकीला अजून कळलं नव्हतं. ती म्हणाली, आईला तहान कळत नाही का आता? खाटेच्या बाजूला टेबलावर कुणीतरी पाण्याचा ग्लास ठेवला होता. मी बायकोच्या कानापाशी वाकलो.

"चहा घेणार?"

"नको." ओठ हलले तेवढेच.

"घे गं अर्धा."

"आत्ताच झाला."

"टाकलाय आता."

तिनं डोळे उघडले. हात चादरीवरून थोडासा वर उचलला. मी चमच्यानं पाणी दिलं. पाणीच होतं, चहा नव्हता. तिनं गिळलं. आणखी दिलं, गिळलं. मग तिनं मला, म्हणजे जो कोण मी तिला वाटत होतो त्याला, खालच्या आवाजात सांगितलं, "लोकांच्या घरात लगेच हो म्हणू नये. आई रागावते."

लेक बाहेर गेली. मी चमचा धरून बसलो.

म्हणजे घरातसुद्धा, आमच्या खिडकीपाशी, माझ्यासमोर, ती शेवटचं वर्षभर परक्या माणसाच्या घरीच बसलेली होती. मी यजमान होतो आणि ती पाहुणी, आईनं शिकवून पाठवलेली. मला तो आमचा खेळ वाटला. आणि ही गोष्ट केअर होममध्ये एका माणसाला माहीत असती तर पुरे होतं. सांगणारा एकच माणूस होता, आणि तो घरी फोनजवळ बसला होता, त्याला दुसऱ्यांदा कुणी बोलावलं नाही म्हणून.

त्यांचीही चूक होतीच. इतके दिवस नको म्हणणाऱ्या बाईकडे कुणी नीट बघितलं नाही, हे मी विसरलो नाही. पण त्यांची चूक वेगळी आणि माझी वेगळी. त्यांच्या चुकीनं माझी कमी होत नाही.

दोन आठवड्यांनी तिला परत केअर होममध्ये आणलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, किडन्या आता सुधारणार नाहीत, थोडे आठवडे. लेक म्हणाली, मी बोलते मॅनेजरशी. मी म्हणालो, नाही, मी बोलणार. मी डोक्यावरची टोपी काढून तिच्या ऑफिसात उभा राहिलो आणि माझ्या लॉन्ड्रीतल्या इंग्रजीत सांगितलं. माझी बायको नाही म्हणते तेव्हा त्याचा अर्थ अजून विचारा असा असतो. आमच्यात तीनदा विचारतात. हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, मी रागावून गेलो. माझी चूक झाली. आयुष्यात हे वाक्य मी त्याआधी कुणाला म्हटलेलं आठवत नाही, बायकोलाही नाही. बाईनं खुर्ची पुढे ओढून मला बसवलं. मग तिनं विचारलं, तो पॉट आहे का अजून?

बायकोच्या खोलीत खाटेच्या वर लेकीनं मोठ्या अक्षरांत कागद लावला. तीनदा विचारा. एक केअरर होती, पन्नाशीची, आफ्रिकेतून आलेली. ती म्हणाली, आमच्याकडेही पाहुण्याला असंच धरून बसवतात. तिनं लेकीकडून "घ्या हो" शिकून घेतलं. तिच्या तोंडून ते गाण्यासारखं यायचं.

मी रोज चार वाजता जायचो. पॉटमध्ये केअरर पाणी घालून द्यायची, उकळतं नाही, पिण्यापुरतं ऊन. बायकोला आता पातळ गिळता यायचं नाही, ठसका लागायचा, म्हणून चहात एक पावडर घालायची. ढवळलं की चहा खळीसारखा घट्ट व्हायचा. लॉन्ड्रीत डॉक्टरांच्या कोटांना आम्ही जी खळ करायचो, तशीच. तो चमच्यानं भरवायचा. मी तीनदा विचारायचो, ती तिसऱ्याला तोंड उघडायची. चार चमचे, कधी पाच. माझा मी बाजूला कपात ओतून घ्यायचो. ती पॉटच्या टोपीवर हात ठेवायची आणि तो तास तिचा जीव शांत असायचा. हाताची बोटं लोकरीत रुतलेली. ड्यूटीचं नाव नाही, दाराकडे बघणं नाही. त्या आठवड्यांत तेवढा एक तास मलाही मिळत होता.

एक दिवस मी खोलीत शिरलो तर केअररनं तिला उशांना टेकवून बसवलं होतं. चेहरा कितीतरी दिवसांनी स्वच्छ दिसत होता. मी ट्रे मांडला. मी विचारायच्या आधीच तिनं माझ्याकडे बघितलं, पॉटकडे बघितलं, आणि म्हणाली, "अहो, चहा घेणार?"

अहो म्हणाली. वर्षभरात मला तिनं अहो म्हटलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. लगेच. ती विचारतेय एवढ्यानंच मी इतका हरखलो, आणि ते नकोचं मला इतकं भय बसलेलं, की तोंडातून दुसरं काही निघालंच नाही. हो, दे ना, हो.

तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, वॉर्डात भलत्या वेळी शिरलेल्या माणसाला पाहावं तसं.

"आमचे हे आले की बसा मग," ती म्हणाली. "त्यांना फार आग्रह करावा लागतो."

मी म्हणालो, नको. आत्ताच झाला म्हणालो. अगं, नको म्हणतोय मी. पण तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. ती तिच्या ह्यांची, म्हणजे माझी, वाट बघत होती. मी पाच वाजेपर्यंत तिथंच बसून राहिलो. पॉट थंड झाला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर ती काही बोललीच नाही. नऊ दिवसांनी, पहाटे, मी घरी असताना गेली. लेकीनं पिनरहून पुजारी आणला, सगळं रीतसर केलं.

आता मी इल्फर्डच्या घरी एकटा असतो. लेक ब्रॅकनेलला चला म्हणते. मी नको म्हणतो, ती पुन्हा म्हणते, मी पुन्हा नको म्हणतो. ती आता तिसऱ्यांदाही विचारते, चौथ्यांदाही, पण हे नको खरं आहे. चार वाजता मी पॉट ऊन करतो, पाणी ओतून देतो, पत्ती टाकतो, टोपी घालतो, चार मिनिटं घड्याळ बघतो. दूध आधी घालतो, ती घालायची तसं. सँडविचच्या कडा आता मला सरळ कापता येतात. टोपीवर हात ठेवून बसलं की त्या तासात खरोखरच काही आठवत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. घर शांत असतं.

पाच वाजता मी ट्रे उचलतो, तिचा कोरा कपही धुऊन ठेवतो. मग ते बारा दिवस एकेक करून पुढे येऊन उभे राहतात. भांडायचं तर पाचनंतर, असा तिचाच नियम. मी भांडतो. समोर कुणी नसतं, तरी रोज मीच हरतो, आणि आता तसं म्हणतोही.